फ्लोराने चढवलेला अंगरखा

मी एक जुनी गढी आहे. बायकांना वय विचारू नये म्हणतात, पण माझ्यापुरती ती पंचाईत नाही, कारण माझे वय माझ्या कपाळावरच कोरलेले आहे. दारावरच्या आडव्या दगडावर सोळाशे बारा हा आकडा आहे आणि त्याच्या दोन्ही अंगांना दोन माणसांची आद्याक्षरे आहेत. एक अलेक्झांडर मोलिसनची, दुसरी त्याच्या बायकोची, ग्रिझेल इनेसची. आमच्याकडे लग्न झाले म्हणून बाईचे माहेरचे नाव दगडावरून पुसत नाहीत. मला ही रीत फार आवडते.

मित्रांनो, डॉन नदीच्या वरच्या अंगाला, बार्लीच्या शेतांच्या टोकाशी एक उंचवटा आहे, त्यावर मी उभी आहे. माझे नाव पिटनेरी. माझ्या मालकाला लेअर्ड म्हणतात, म्हणजे या जमिनीचा धनी. पण लेअर्डला तोंडावर कोणी त्याच्या नावाने हाक मारत नाही, त्याच्या जमिनीच्या नावाने मारतात. त्यामुळे माझ्या पोटात राहणारा जो कोणी मोलिसन असेल, त्याला सारा मुलूख पिटनेरीच म्हणत आला आहे. माझे नाव लावून तो गुरांच्या बाजारात हुज्जत घालतो आणि माझे नाव लावून रविवारी चर्चमध्ये डुलक्या काढतो.

खरे सांगायचे तर मला माणसांचे नवल वाटते. तुम्हाला माझे वाटत असेल, उंच भिंती पाहून तुमच्या माना मागे पडत असतील. पण मी चारशे वर्षे नुसती उभी आहे, यात माझे काय कर्तृत्व? दगड उभाच राहतो. सत्तर-ऐंशी वर्षांचे आयुष्य घेऊन आलेला माणूस चारशे वर्षे टिकेल असे काही बांधायला घेतो, आणि ते पुरे व्हायच्या आत त्याचे गुडघे दुखू लागतात, तरी तो थांबत नाही. याला काय म्हणावे ते मला अजून कळलेले नाही.

मला बांधले तेव्हा काळ वाईट होता. शेजारी शेजाऱ्याची गुरे पळवीत आणि वर त्याच्याच लग्नाला जाऊन पोटभर जेवत. म्हणून माझा आकार काटकोनात दुमडलेल्या हातासारखा केला आणि दार बरोबर कोपराच्या आतल्या बाजूला ठेवले. दाराशी कोणीही आले की दोन्ही भिंतींवरून त्याच्यावर नजर राहते. तळमजल्याला कमानींचे दगडी छत दिले, म्हणजे खाली आग लावली तरी वर पोचू नये. तिथे खिडक्या नाहीत, नुसती बंदुकीची नळी बाहेर काढण्यापुरती भोके आहेत. त्या भोकांतून आजपर्यंत एकही गोळी सुटलेली नाही. मांजरे मात्र पुष्कळ सुटली.

दारातून आत आलात की गोल गोल वर जाणारा जिना लागतो. त्याची प्रत्येक पायरी म्हणजे एक अखंड दगड, आणि पायऱ्यांची आतली टोके एकावर एक बसून त्यांचाच मधला खांब होतो. वेगळा खांब नाहीच. पाथरवटांनी हे कागदावर एक रेघही न ओढता केले, दोरी आणि ओळंबा एवढ्यावर. जिना पुरा झाला त्या दिवशी त्यांच्यातला सर्वांत म्हातारा पाथरवट एकटाच खालपासून वरपर्यंत हात फिरवत गेला आणि उतरताना डोळे पुसत आला. जिना चढला की दिवाणखाना, त्याच्या वर निजायच्या खोल्या, आणि त्याही वर कोपऱ्याकोपऱ्याला लटकते गोल बुरूज. त्यांना खालून आधार नाही, भिंतीतून एकापुढे एक सरकत आलेले दगड त्यांना झेलून धरतात. सगळ्यांत वर पाटीच्या दगडाचे उतरते छप्पर आणि त्याच्या दोन्ही टोकांना पायऱ्यापायऱ्यांच्या भिंती. त्या पायऱ्या कशासाठी, यावर माझ्या अंगणात दोनशे वर्षे वाद चालला आहे. कावळ्यांना त्या उपयोगी पडतात एवढे मी खात्रीने सांगू शकते.

एक गंमतही सांगते. दिवाणखान्याच्या चुलाणावर, नक्षीच्या आड, एक बोटभर भोक आहे. ते भिंतीतून वर लेअर्डच्या खोलीत निघते. पाहुणे आपल्यामागे काय बोलतात ते ऐकावे, कट असेल तर आधीच कळावे, म्हणून अलेक्झांडरने ते मुद्दाम ठेवून घेतले. पहिल्याच मेजवानीनंतर तो रात्री भोकाला कान लावून बसला. त्याला एवढेच ऐकू आले की दारू आंबट होती आणि बदक करपले होते. नंतर त्याने ते भोक चिंधीने बुजवले.

पण या सगळ्यापेक्षा मला ज्याचा अभिमान होता तो माझा अंगरखा. माझे दगड ओबडधोबड आहेत, ग्रॅनाइटचे, जसे शेतात सापडले तसे लावलेले. असे दगड उघडे ठेवत नाहीत. चुना, ओढ्याची जाड वाळू आणि बारीक खडी कालवून त्याचा गिलावा भिंतीवर चढवतात. आमच्याकडे तो लिंपत नाहीत, फेकतात. थापीवर गोळा घ्यायचा आणि मनगटाला झटका देऊन असा मारायचा की तो दगडाला चिकटून पसरला पाहिजे. आमच्या ओढ्याची वाळू तांबूस असल्यामुळे माझा अंगरखा पिकल्या जर्दाळूच्या रंगाचा होई. पाऊस आमच्याकडे पाहुणा नाही, घरचाच आहे. चुना तो पाऊस थोडा पिऊन घेई आणि वारा सुटला की परत देऊन टाकी. तीस-चाळीस वर्षांनी अंगरखा विरला की नवा लेअर्ड नवा चढवी. असे आठ-दहा अंगरखे मी ल्याले असेन.

मग दुसरे महायुद्ध झाले. माझ्यात सैनिक राहून गेले, त्यांनी जिन्याच्या कठड्याची लाकडे शेकोटीला वापरली. युद्धानंतर माझ्यासारख्या घरांचे दिवस फिरले. छप्पर असलेल्या घरावर कर होता, छप्पर नसलेल्यावर नव्हता. त्यामुळे मोठमोठ्या घरांचे धनी आपल्याच हाताने छप्पर उतरवू लागले. नदीपलीकडे माझ्याच वयाची एक गढी होती. एका उन्हाळ्यात तिच्या छपराच्या पाट्या गाडीत भरून नेल्या. पुढच्या वसंतात तिच्या दिवाणखान्यात अंगाला लागली की आग होणारी खाजरी रोपे उगवली, आणि आता तिथे मेंढ्या बसतात. मी सगळे पाहत होते आणि माझी पाळी कधी येते याची वाट पाहत होते. माझा अंगरखा तेव्हा चिंध्या झाला होता.

त्याच सुमारास गिल्बर्ट मोलिसन फौजेतून परत आला. वडील वारले होते, म्हणून पंचविशीतच तो पिटनेरी झाला. त्याने समुद्रकाठच्या एका कोळ्याची मुलगी करून आणली. तिचे नाव फ्लोरा. लहानपणापासून ती बंदरावर हेरिंग मासे साफ करत आली होती. तिच्या मनगटात असा जोर होता की गावातले पुरुष तिच्याशी हात मिळवताना जरा बेताने मिळवत. लोकांनी गिल्बर्टला सांगितले, छप्पर उतरव आणि खाली बंगला बांध. फ्लोराने त्यांना विचारले, तुमची म्हातारी आजारी पडली तर तिची टोपी काढून तिला पावसात ठेवता का? छप्पर राहिले.

अंगरखा नवा हवा होता. चुना भाजणारे, मुरवणारे हात युद्धात गेले होते किंवा शहरात गेले होते. मात्र दुकानात एक नवलाईची पूड गोण्यांत भरून मिळत होती, सिमेंट. जो तो सांगत होता की ही एकदा मारली की जन्माची चिंता मिटली. जाणकार हेच म्हणत, शाळेत हेच शिकवत. गिल्बर्ट आणि फ्लोराने दोन उन्हाळे परांचीवर काढले. तो कालवायचा, ती फेकायची, कारण त्याचा गोळा निम्मा खाली पडे आणि तिचा एकही पडत नसे. दारावरचा भाग तिने सर्वांत शेवटी केला. तेव्हा त्यांची मुलगी एल्स्पेथ तिच्या पोटात होती. सगळे गाव सांगून थकले की आता खाली उतर, पण ती हटली नाही. काम संपल्यावर ती अंगणात मागे मागे चालत गेली, दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि म्हणाली, "आता हिला पुन्हा थंडी वाजायची नाही. आपल्या पोरीबाळींनासुद्धा हे काम पडायचं नाही." मुलांनो, मी भारावून गेले होते. माझ्यासाठी राबलेले हात मी शेकड्यांनी पाहिले, पण ते आपल्या धन्यासाठी राबत होते. हे दोघे माझ्यासाठी राबत होते.

मी सुंदर दिसू लागले. माझी छायाचित्रे दिनदर्शिकेवर छापून आली. लांबून लोक बघायला यायचे आणि गिल्बर्टची पाठ थोपटून जायचे.

मग ओल आली. आधी जिन्याच्या पायथ्याशी एक डाग, तळहाताएवढा. पुढे दिवाणखान्याच्या पश्चिमेच्या भिंतीवर काळे ठिपके, पुस्तकांच्या कपाटामागे पांढरी बुरशी, अंथरुणांना कुबट वास. सिमेंट पाऊस पीत नाही, पण त्याला बारीक तडे पडतात. तड्यांतून पाणी आत शिरे, आणि आत शिरलेले बाहेर पडायला वाट नसे. गिल्बर्ट दर उन्हाळ्यात शिडी लावून तडे शोधी आणि एकेक सिमेंटनेच बुजवी. एक फट बुजली की पाण्याची परतीची आणखी एक वाट बंद होई. तो इतक्या मायेने हे करी की फट बुजवून झाल्यावर वरून ओल्या फडक्याने पुसून घेई. आणि म्हणे, जुनं घर आहे, ओल यायचीच.

फ्लोरा गेली तेव्हा तो सत्तरीच्या पुढे होता. त्यानंतर तो माझ्यात एकटाच राहू लागला. खालच्या शेतावरची जेसी रोज सकाळी येऊन त्याची ओटची लापशी करून देई आणि जाता जाता चार टोमणेही देई. एल्स्पेथ वीस मैलांवर गुरांची डॉक्टर आहे, ती दर रविवारी येई. रोज संध्याकाळी गिल्बर्ट बाहेर येऊन दारावरच्या त्या भागाकडे पाहत उभा राही. फ्लोराच्या थापीचे फटकारे तिथे स्पष्ट दिसत. ती डावखुरी होती, त्यामुळे ते सगळे एका बाजूला कललेले होते. दुसऱ्या कोणाला कळले नसते. त्याला कळे.

चार वर्षांपूर्वीच्या एका शरदातल्या रविवारी एल्स्पेथ एका गायीला बघून तशीच इकडे आली होती, हातात पेटी होती. पश्चिमेच्या भिंतीजवळून जाताना ती थबकली. भिंत एका ठिकाणी फुगल्यासारखी दिसत होती. तिने बोटाच्या पेरांनी वाजवून पाहिले, पोकळ आवाज आला. मग गाभण गायीच्या पोटावर ठेवावा तसा तिने तळहात तिथे ठेवला आणि कितीतरी वेळ काढला नाही. शेवटी पेटीतली खुरे कोरायची सुरी काढून तिने फुगवट्याच्या खालच्या कडेला टोचली. सिमेंटची खपली उडाली, आणि आतून पाणी आले. थेंब नव्हेत, धार. तिचे बूट भिजून गेले तरी ती धार थांबेना. जनावरांच्या खुरातली गळवे तिने आयुष्यभर फोडली होती. समोर काय आहे हे तिला कोणी सांगावे लागले नाही.

मला त्या क्षणी इतके मोकळे वाटले की सांगता येत नाही. पण तिचा चेहरा पाहून मी चरकले. तिने वर दाराकडे पाहिले होते.

त्या दुपारी स्वयंपाकघरात ती वडिलांना म्हणाली, "बाबा, घाम आलेल्या घोड्यावर मेणकापड घालून त्याला रात्रभर ठेवलं तर काय होईल?"

"मरेल," गिल्बर्ट म्हणाला. "हे काय विचारणं झालं?"

"आपण तेच केलंय. भिंत आतून भिजून गच्च झालीय. तुळयांची टोकं भिंतीतच आहेत, ती कुजली की छप्पर खाली येईल. सिमेंट उतरवावं लागेल. सगळं."

गिल्बर्टने चहाचा पेला खाली ठेवला. तो रागावत नाही, हा त्याचा लौकिक होता. त्या दिवशीही त्याने आवाज चढवला नाही.

"तो तुझ्या आईनं घातलाय," तो म्हणाला. "मी मेल्यावर काय करायचं ते कर."

त्यानंतर हा विषय निघाला नाही. एल्स्पेथ रविवारी येई, चुलाणात लाकडे सारी, बुरशी पुसून काढी आणि जाई. ती रोज दिवसभर मुक्या जनावरांचे दुखणे ओळखते, पण बापाच्या दुखण्याला हात लावायची तिची हिंमत होत नव्हती. मला तिची दया येत होती, त्याचीही येत होती आणि माझीही. पाऊस मात्र कोणासाठी थांबला नाही.

नाताळाच्या आधीच्या आठवड्यात एका सकाळी गिल्बर्ट दिवाणखान्यातल्या लांब मेजाच्या टोकाला लापशी खायला बसला होता. दिवाणखान्याचे छत पांढरेशुभ्र आणि सपाट, चुन्याच्या अस्तराचे. ते तसेच आहे असे सगळे पिढ्यान् पिढ्या समजत आले होते. ओलीने ते पोट सुटल्यासारखे खाली आले होते. जेसी दूध घेऊन आत आली आणि तेवढ्यात मेजाच्या दुसऱ्या टोकावर त्याचा पलंगाएवढा तुकडा कोसळला. खोलीभर पांढरी धूळ उडाली.

धूळ बसू लागली तशी जेसी म्हणाली, "पिटनेरी, जागचे हलू नका. हललात तर उरलंसुरलं डोक्यात पडेल."

गिल्बर्ट वर पाहत होता. "जेसी," तो म्हणाला, "वर हत्ती आहे."

"असू दे. तो गेली कित्येक वर्षं असेल तर आणखी थोडा वेळ राहील. आधी तुम्ही बाजूला व्हा."

आता तो हत्ती कुठून आला ते सांगते. मला बांधून झाल्यावर दुसऱ्या हिवाळ्यात एक भटका चितारी दाराशी आला. त्याचे नाव कोणी विचारले नाही, आणि विचारले असेल तरी कोणी लिहून ठेवले नाही. ग्रिझेलने त्याला स्वयंपाकघरात झोपायला जागा आणि दिवसातून दोनदा रस्सा दिला. त्याच्या बदल्यात तो दिवाणखान्याच्या छताच्या फळ्या आणि तुळया रंगवू लागला. सगळा हिवाळा तो परांचीवर उताणा पडून होता. बोटे आखडली की काखेत धरून शेकायचा. त्याने द्राक्षांचे वेल काढले, डाळिंबे काढली, शिंगे वाजवणाऱ्या बायका काढल्या आणि तऱ्हेतऱ्हेचे प्राणी काढले. जन्मात त्याने हत्ती पाहिला नव्हता, म्हणून त्याच्या हत्तीला कान गाढवाचे आहेत, पाय गुडघ्यात पुढे दुमडलेले आहेत आणि सोंड तुतारीसारखी टोकाला उघडलेली आहे. पण डोळा असा काढला आहे की तो हत्ती खाली जेवणाऱ्यांकडे बघून गालातल्या गालात हसतो. एका तुळईवर त्याने अक्षरेही लिहिली: पाहुण्या, कमी बोल, नीट जेव. वसंत आला आणि तो निघून गेला. शंभर-एक वर्षांनी पांढऱ्या छतांची हौस आली, तेव्हाच्या लेअर्डने खालून अस्तर मारून घेतले आणि हत्ती अंधारात गेला. तेव्हापासून माझ्या पोटात तो होता आणि माणसांपैकी कोणालाही त्याचा पत्ता नव्हता.

जेसीने एल्स्पेथला बोलावून घेतले. ती धावत जिना चढून आली तेव्हा तिला एक विलक्षण दृश्य दिसले. नव्वदीला टेकलेला तिचा बाप मेजावर उताणा झोपला होता. उशाला जेसीची शाल होती, पायांत बूट होते, आणि तो वर बघत होता. लापशी निवून घट्ट झाली होती. जेसी बाजूला उभी होती आणि तीही वर बघत होती, आणि आश्चर्य म्हणजे गप्प होती. एल्स्पेथ मेजावर चढली आणि बापाशेजारी आडवी झाली.

मित्रांनो, चारशे वर्षांत मी या दिवाणखान्यात लग्ने पाहिली, शपथा ऐकल्या, एकदा राजाचा दूतही पाहिला. पण त्या सकाळी त्या तीन माणसांच्या चेहऱ्यावर जे होते ते मी पूर्वी पाहिलेले नव्हते. कोणा एका नाव नसलेल्या माणसाने, गार पडलेल्या बोटांनी, न पाहिलेल्या जनावराचा डोळा काढला होता, आणि तो डोळा बघून आज या तिघांना पडलेल्या छताचाही विसर पडला होता. माझ्या सहा फूट जाडीच्या भिंती हे करू शकत नाहीत.

थोड्या वेळाने एल्स्पेथने बॅटरी लावली आणि खुर्चीवर चढून जवळून पाहिले. फळी ओली होती. तिने करंगळीचे टोक हळूच टेकवले तर डाळिंबाचा लाल रंग बोटाला लागून आला. तिने बोट मागे घेतले आणि वडिलांना दाखवले.

"पुढचा हिवाळा हा काढणार नाही, बाबा."

गिल्बर्टने तिचे बोट जवळ ओढून पाहिले.

"ते पांढरं अस्तर कुणी मारलं असेल?" त्याने विचारले.

"तुमचे कुणी आजे-पणजे असतील."

"मुद्दाम नाही मारलं त्यानं."

"नाही. छान दिसावं म्हणून मारलं असणार."

"बायकोला आवडेल म्हणूनही असेल," गिल्बर्ट म्हणाला. तो कोपरावर उठून बसला आणि पांढरी धूळ झटकू लागला. झटकता झटकता म्हणाला, "माणसं बोलव, पोरी. भिंत मोकळी कर."

परवानग्यांना वेळ लागला, कारण माझ्यासारखीचे कपडे उतरवायला सरकारला विचारावे लागते. तोवर छताला टेकू देऊन ठेवले. मे महिन्यात परांच्या चढल्या आणि माणसे छिन्न्या-हातोडे घेऊन कामाला लागली. पश्चिमेची भिंत आधी मोकळी झाली, मग उत्तरेची. सिमेंट गेले तसे मागचे ओले दगड बाहेर आले, काळे पडलेले, आणि त्यांच्यातून वाफ निघू लागली. उन्हात मी अक्षरशः धुमसत होते. रस्त्याने जाणाऱ्या एकाने आग लागली समजून बंब बोलावला, आणि जेसीने बंबवाल्यांना चहा पाजून परत पाठवले.

शेवटी दारावरचा भाग उरला. गिल्बर्ट अंगणात खुर्ची टाकून बसला होता, मांडीवर घोंगडी होती. कामगार तिथे आले आणि त्यांचे हात थांबले. त्यांना कोणी काही सांगितलेले नव्हते, पण ते याच मुलखातले होते, त्यांच्या आयांनी फ्लोराला परांचीवर पाहिलेले होते. एल्स्पेथ त्यांच्या हातातून छिन्नी-हातोडा घेऊन वर चढली. छिन्नी टेकवली आणि तिचा हात तिथेच राहिला. कललेले फटकारे तिच्या डोळ्यांसमोर वीतभर अंतरावर होते. ज्या हाताने ते मारले त्या हाताने तिची वेणी घातली होती.

"बाबा," ती वरूनच म्हणाली, "एवढं राहू दे का?"

दारावरच एवढे राहिले असते तर पाणी तिथे साठले असते, आणि तिथेच जिन्याचे वरचे दगड आहेत. हे तिला माहीत होते, त्यालाही माहीत होते. गिल्बर्ट खुर्चीतून उठला. घोंगडी खाली पडली. तो चालत दाराच्या बाजूला आला आणि वर न बघता म्हणाला, "मार, पोरी. तुझी आई असती तर एव्हाना उरकून चहाला बसली असती."

एल्स्पेथने मारला. दुसऱ्याच घावाला तो सगळा तुकडा सुटून खाली आला आणि मागे अडकलेले पाणी दारावरून खळाळत वाहिले. लोक म्हणाले, भिंत रडली. तसे काही नसते, मुलांनो, ते साठलेले पाणी होते. बहुतेक.

गिल्बर्टने आपला तळहात दाराजवळच्या ओल्या दगडावर ठेवला. साठ वर्षांनी त्या दगडाला माणसाचा हात लागला. चारशे वर्षे माझ्या पोटात माणसे पुष्कळ बोलली, पण माझ्याशी कोणी बोलले नव्हते. तो बोलला. इतक्या हळू की वर उभ्या असलेल्या मुलीलाही ऐकू गेले नसेल.

"आम्हाला वाटलं होतं, तुला ऊब लागेल."

मला उत्तर देता आले असते तर मी सांगितले असते की लागली होती. मी पाण्याने भिजले होते हे खरे, पण त्या दोन उन्हाळ्यांची ऊबही खरी होती, आणि दोन्ही गोष्टी एकाच भिंतीत राहू शकतात.

मित्रांनो, तुमच्याही आसपास कोणीतरी जुने असेल. घर असेल, विहीर असेल, एखादे माणूसही असेल. त्याच्यासाठी काही करायला धावाल तेव्हा तुमच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण आधी जवळ जा, हात लावा, आणि ते ओले आहे की कोरडे ते बघा. त्याला काय हवे ते त्याच्याकडूनच समजून घ्या. आणि कधी चूक झाली असे कळले, तर त्यात कितीही जीव गुंतला असला तरी ती उतरवायची हिंमत ठेवा.

हत्ती आता वाळला आहे, त्याचे रंग आता बोटाला लागत नाहीत. माझा चुन्याचा नवा अंगरखा मात्र अजून चढलेला नाही. भिंत आतून पुरती वाळायला आणखी काही वर्षे लागतील असे एल्स्पेथ म्हणते, तोवर मी उघडी आहे आणि वारा खाते आहे. मला घाई नाही. गिल्बर्टला आहे. तो रोज सकाळी काठी टेकत बाहेर येतो, दाराजवळच्या त्याच दगडावर हात ठेवतो, थोडा वेळ डोळे मिटून उभा राहतो, आणि मग आत जाऊन जेसीला सांगतो, "आज कालच्यापेक्षा बरी आहे."